डब्यावरची चिठ्ठी : पगार, बँक आणि एक्सएमएल



मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की "तुम्ही नक्की काय काम करता?" हा प्रश्न हमखास येतो. "संगणकाचे" एवढे उत्तर दिले की समोरचे गृहस्थ समजल्यासारखी मान हलवतात आणि गप्पा सांबार-भाताकडे वळतात. चूक त्यांची नाही. आम्ही संगणकवाले आपले काम सोप्या भाषेत सांगण्याचा कंटाळा करतो. तो कंटाळा आज बाजूला ठेवून माझ्या धंद्यातली एकच गोष्ट सविस्तर सांगतो. तिचे नाव एक्सएमएल. नाव रूक्ष आहे, पण दर महिन्याला आपल्या खात्यात जमा होणारा पगार आणि आपण गावी पाठवतो ते पैसे या दोन्हींशी तिचा जवळचा संबंध आहे.

सुरुवात मात्र माझ्याच एका चुकीपासून करतो.

एका गुरुवारची गोष्ट

२०१६ सालची गोष्ट आहे. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात कामगारांची छावणी असलेल्या एका कंत्राटदार कंपनीसाठी मी पगाराची संगणक-प्रणाली लिहून दिली होती. कतारमध्ये नोव्हेंबर २०१५ पासून वेतन संरक्षण प्रणाली, म्हणजे डब्ल्यूपीएस, लागू झाली. रोख पाकिटे वाटण्याची पद्धत त्यामुळे संपली. मालकाने पगार बँकेमार्फतच द्यायचा, देय तारखेपासून सात दिवसांच्या आत द्यायचा आणि कोणाला किती दिला याची फाईल ठराविक नमुन्यात बँकेकडे पाठवायची, असा नियम झाला. या फाईलीला 'एसआयएफ' म्हणतात. ती स्वल्पविरामांनी तोडलेली असते, म्हणजे आपल्या ओळखीची सीएसव्ही. एका ओळीत एक कामगार : ओळखपत्राचा क्रमांक, नाव, बँक, खाते, कामाचे दिवस, निव्वळ पगार, मूळ पगार, जादा कमाई, कपात वगैरे, एकापुढे एक, मध्ये स्वल्पविराम.

माझ्या प्रोग्रॅममध्ये मी सरळ सगळे रकाने स्वल्पविरामाने जोडत होतो. सहा महिने बिनबोभाट चालले. मग कचेरीत नवा कारकून आला. तो शिस्तीचा माणूस. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगळे असते म्हणून त्याने एका नव्या कामगाराचे नाव 'पाटील, रमेश' असे भरले. त्या एका स्वल्पविरामाने त्या ओळीतले सगळे रकाने एक घर उजवीकडे सरकले. नावाच्या जागी 'पाटील', बँकेच्या जागी 'रमेश', खात्याच्या जागी बँक, आणि पगाराच्या जागी भलतेच काही. बँकेच्या यंत्रणेने सगळी फाईलच परत केली. ती वेळ होती गुरुवारी दुपारी तीनची. शुक्रवार-शनिवार सुटी. दोनशेहून अधिक माणसांचा पगार रविवारवर गेला.

संध्याकाळी छावणीतून साताऱ्याकडच्या एका फिटरचा फोन आला. "साहेब, पगाराचं काय झालं ओ? बहिणीला दवाखान्यात ठेवलंय, उद्या पैसे भरायचेत." त्याची व्यवस्था आम्ही दोघातिघांनी आपसांत केली, तो प्रश्न सुटला. पण बाकीच्यांचे काय, हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना. एका स्वल्पविरामाची ही किंमत! अभियांत्रिकीतली डॉक्टरेट घेऊनही मी शाळकरी पोरासारखी चूक केली होती. माहिती कोणत्या जागी आहे यावर मी विसंबलो होतो, ती माहिती काय आहे हे कुठेच लिहिले नव्हते.

डब्यांची मांडणी

आपल्या स्वयंपाकघरात फळीवर दहा डबे ओळीने मांडलेले असतात. घरच्या बाईला ठाऊक असते की तिसरा डबा साखरेचा आणि चौथा मिठाचा. तोवर सगळे सुरळीत. एखाद्या दिवशी पाहुणी आलेली जाऊबाई चहा करायला उभी राहते, किंवा कोणी डबे घासून जागा बदलून ठेवतो, आणि चहात मीठ पडते. उपाय आपल्या सर्वांना माहीत आहे : डब्यावर चिठ्ठी लावा. मग डबा फळीवर कुठेही असो, साखर ती साखरच.

सीएसव्ही म्हणजे चिठ्ठ्या नसलेले डबे. एक्सएमएल म्हणजे प्रत्येक डब्याला लावलेली चिठ्ठी, तीही दोन : एक डबा कुठे सुरू होतो ते सांगणारी आणि दुसरी कुठे संपतो ते सांगणारी. या चिठ्ठीला आमच्या भाषेत टॅग म्हणतात. पगाराचीच माहिती एक्सएमएलमध्ये लिहिली तर ती अशी दिसेल :

<पगारपत्रक महिना="२०२३-०३">
  <कामगार>
    <आडनाव>पाटील</आडनाव>
    <नाव>रमेश</नाव>
    <मूळ_पगार चलन="कतारी-रियाल">१४००.००</मूळ_पगार>
    <जेवण_भत्ता चलन="कतारी-रियाल">३००.००</जेवण_भत्ता>
    <राहणे सोय="कंपनीची"/>
    <कपात चलन="कतारी-रियाल">०.००</कपात>
  </कामगार>
</पगारपत्रक>

हे मी नमुन्यासाठी मराठीत लिहिले असे कोणी समजेल. पण एक्सएमएलमध्ये टॅगची नावे देवनागरीत लिहायला पहिल्यापासून मुभा आहे, कारण तिचा पाया युनिकोड या सर्व लिप्यांच्या तक्त्यावर घातलेला आहे. वरचा मजकूर कोणत्याही एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला दिला तर तो निमूटपणे वाचेल. फक्त आकड्यांचा हिशेब करायचा असेल तर ते इंग्रजी अंकांत लिहावे लागतात, एवढी एक अडचण.

नियम थोडेच आहेत. उघडलेली प्रत्येक चिठ्ठी बंद झाली पाहिजे. आतली चिठ्ठी बाहेरचीच्या आधी बंद झाली पाहिजे, जशी वाटी ताटात आणि ताट मेजावर. सर्वांना पोटात घेणारी एकच मोठी चिठ्ठी हवी. चिठ्ठीवरच लहानशी टीपही लिहिता येते, जसे वर चलन लिहिले आहे. एवढे पाळले की तो मजकूर सुघड झाला. सुघड नसेल तर वाचणारा प्रोग्रॅम तिथेच थांबतो, अंदाजाने पुढे जात नाही. हा कडकपणा सुरुवातीला जाचक वाटतो, पण पैशाच्या व्यवहारात तोच हितकर असतो.

आखातात राहणाऱ्यांना चलनाच्या टीपेचे महत्त्व सांगायला नको. कतारी रियालचे शंभर दिरहम होतात, म्हणून दशांशानंतर दोन आकडे. कुवेत आणि बहरीनचा दिनार किंवा ओमानचा रियाल यांचे मात्र हजार भाग असतात, म्हणून दशांशानंतर तीन. नुसता '१२५०००' हा आकडा दशांशचिन्ह गाळून पाठवला तर तो साडेबाराशे कतारी रियाल आहे की सव्वाशे ओमानी, हे आकडा पाहून कोणालाही सांगता येणार नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेचे मंगळाकडे गेलेले एक यान याच जातीच्या चुकीने गमावले. एका गटाचे आकडे इंग्रजी पद्धतीच्या एककांत होते आणि दुसऱ्या गटाने ते दशमान पद्धतीचे समजून वापरले. आकडा बरोबर असून चिठ्ठी नसली की असे होते.

थोडा इतिहास

मजकुरावर खुणा करण्याची कल्पना जुनी आहे. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी जीएमएल नावाची खुणांची भाषा तयार केली. गंमत म्हणजे जीएमएल ही तिघांच्या आडनावांचीही आद्याक्षरे आहेत. त्यातून पुढे एसजीएमएल आली आणि १९८६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. ती ताकदवान होती पण इतकी बोजड की मोठ्या प्रकाशन संस्था आणि सरकारी खाती सोडून तिच्या वाटेला फारसे कोणी जात नसे.

दुसरीकडे व्यापारातही संगणक आपसांत बोलू लागले होते. मागणीपत्रे आणि बिले पाठवण्यासाठी ईडीआय नावाची पद्धत होती. तिच्यात ठराविक जागी ठराविक संकेताक्षरे असत आणि ती उभारायला खर्च मोठा येई. बंदर, विमान कंपनी, मोटारींचा कारखाना यांना ती परवडे, छोट्या पुरवठादाराला नाही.

१९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेत जॉन बोसॅक यांच्या पुढाकाराने एक गट बसला. एसजीएमएलचा अनावश्यक भार उतरवून इंटरनेटवर चालेल अशी सुटसुटीत भाषा करायची हे त्यांचे काम. १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. मी २००१ साली पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा या तीन-चार अक्षरांचा असा काही गाजावाजा होता, की जगातले सर्व संगणक आता गुण्यागोविंदाने नांदणार असे आम्हाला वाटत असे. तसे झाले नाही, त्याचे कारण पुढे येईलच. पण ही भाषा आपल्या नकळत घरोघर मात्र पोचली. २००७ पासून वर्ड आणि एक्सेलच्या फाईली आतून एक्सएमएलच असतात. घरी एक्सेलच्या एखाद्या नव्या पद्धतीच्या फाईलीची प्रत काढा, नावाच्या शेवटची अक्षरे बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत कोनात्मक कंसांतल्या चिठ्ठ्यांची रास दिसेल. मुलांना दाखवण्यासारखा हा प्रयोग आहे.

नियमपत्र आणि रूपांतर

चिठ्ठी लावली म्हणजे डब्यात योग्य तेच आहे असे नाही. साखरेची चिठ्ठी लावून आत मीठ भरता येतेच. म्हणून एक्सएमएलबरोबर दुसरी वस्तू येते : नियमपत्र, म्हणजे स्कीमा. २००१ मध्ये त्याची प्रमाण भाषा ठरली. कामगाराला आडनाव असलेच पाहिजे, ओळखपत्राचा क्रमांक अकरा आकडीच हवा, पगार ऋण असू नये, तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने हवी, असे नियम त्यात लिहिता येतात. फाईल बाहेर जाण्याआधी संगणक ती नियमपत्राशी ताडून पाहतो. तारखेचाच नियम घ्या. '०३/०४' हे आपल्याला तीन एप्रिल, तर अमेरिकन माणसाला चार मार्च. नियमपत्र हा वाद उद्भवूच देत नाही.

याचा सामाजिक अंगाने उपयोग कसा होतो पाहा. २० मार्च २०२१ पासून कतारमध्ये किमान वेतनाचा कायदा सर्वांना लागू झाला. त्यात मूळ पगार किमान १००० रियाल ठरला. मालकाने राहण्याची सोय केली नसेल तर त्यासाठी किमान ५०० आणि जेवणाची केली नसेल तर किमान ३०० रियाल वेगळे द्यायचे. आता कंपनीच्या वहीत नुसता '१८००' असा एक आकडा असेल तर कायदा पाळला गेला की नाही, हे तपासणार कसे? मूळ पगार, जेवण आणि राहणे यांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या असतील तरच 'मूळ पगार हजाराच्या खाली नको' हा नियम संगणकाला तपासता येतो. 'सोय नसेल तर भत्ता हवाच' असे दोन डब्यांना जोडणारे नियम मात्र जुन्या नियमपत्रात लिहिता येत नसत. त्यासाठी वेगळा तपासणी प्रोग्रॅम लिहावा लागे. २०१२ मध्ये आलेल्या स्कीमाच्या सुधारित आवृत्तीत ती सोय झाली.

तिसरी वस्तू म्हणजे रूपांतर. १९९९ मध्ये एक्सएसएलटी नावाची भाषा आली. एका एक्सएमएलपासून हवा तो दुसरा नमुना काढण्याच्या कृती तिच्यात लिहितात. एकाच कणकेतून पोळी, पुरी आणि पराठा.

त्या गुरुवारनंतर आम्ही नेमके हेच केले. बँकेला सीएसव्हीच हवी होती, तो नियम बदलणे आपल्या हातात नव्हते. म्हणून कंपनीच्या आत पगाराची मूळ माहिती एक्सएमएलमध्ये ठेवली. महिन्याच्या वीस तारखेलाच ती नियमपत्राशी ताडायची आणि चुकांची यादी कारकुनाच्या हातात द्यायची. त्या एका मूळ फाईलीतून तीन गोष्टी काढल्या : बँकेसाठी एसआयएफ, कामगाराला द्यायची पगाराची चिठ्ठी, आणि हिशेबासाठी टॅलीत घालायची नोंद. बेंगळुरूच्या टॅली प्रणालीत बाहेरची माहिती एक्सएमएलमधून घेण्याची सोय आहे, हे आखातात हिशेबाचे काम करणाऱ्या पुष्कळांना ठाऊक असेल. पूर्वी या तिन्ही गोष्टी तीन माणसे तीनदा टंकत असत आणि महिनाअखेर तिन्हींचा मेळ लागत नसे. आता चूक झाली तर एकाच जागी होते आणि एकाच जागी दुरुस्त होते. शेवटी एसआयएफ काढताना नावातला स्वल्पविराम गाळायचा, हा नियमही एकदाच लिहिला.

गावी जाणारे पैसे

आता दुसऱ्या घराकडे वळू. बँका आपसांत स्विफ्ट या संस्थेच्या जाळ्यातून निरोप पाठवतात. १९७३ मध्ये ब्रसेल्सला ती स्थापन झाली आणि १९७७ मध्ये तिचे काम सुरू झाले. पैसे पाठवण्याच्या तिच्या जुन्या निरोपाला एमटी १०३ म्हणत. टेलेक्सच्या काळातली ती मांडणी. प्रत्येक खान्याला क्रमांक असे. पैसे घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता यांना मिळून पस्तीस अक्षरांच्या फक्त चार ओळी.

आपल्याकडचा पत्ता या चार ओळींत बसवून पाहा. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, विठ्ठल मंदिराजवळ, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. तालुक्यापर्यंत येता येता जागा संपते. शिवाय नाव कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले, हे संगणकाला कळायला काही मार्ग नाही. बँकांना प्रत्येक निरोप निर्बंधांच्या यादीशी ताडून पाहावा लागतो. समजा पत्त्यात 'इराणी हॉटेलसमोर' असे लिहिले आहे. पुणे-मुंबईच्या माणसाला त्यात बनमस्का दिसेल, पण सगळा मजकूर एका लगद्यात असेल तर तपासणाऱ्या प्रोग्रॅमला एका देशाचे नाव दिसण्याची शक्यता असते. मग निरोप अडतो, माणूस तो हाताने पाहतो, आणि आपण इकडे "पैसे निघाले पण पोचले नाहीत" म्हणून बँकेला फोन करत बसतो.

यावर उपाय म्हणून बँकांनी आयएसओ २००२२ हे प्रमाण स्वीकारले. ते २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि त्यातले निरोप एक्सएमएलमध्ये असतात. भारताने यात उशीर केला नाही, ही अभिमानाची गोष्ट. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू केलेली नवी आरटीजीएस यंत्रणा याच प्रमाणावर उभी आहे. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयचे निरोपही एक्सएमएलमध्येच आखले गेले. भाजीवाल्याला पंधरा रुपये देताना मागे या चिठ्ठ्याच धावत असतात. स्विफ्टच्या जाळ्यात देशांतरीच्या पैशांसाठी नवे निरोप २० मार्च २०२३ पासून सुरू झाले. पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ जुने आणि नवे शेजारी शेजारी चालले आणि २२ नोव्हेंबर २०२५ रोजी ही सवलत संपली.

नव्या निरोपाला पॅक्स.००८ असे नाव आहे. त्यात नाव वेगळे, रस्ता वेगळा, गाव वेगळे, पिनकोड वेगळा, देश वेगळा, आणि रकमेच्या चिठ्ठीवरच चलन. 'इराणी' हा शब्द रस्त्याच्या डब्यात आणि देशाच्या डब्यात 'भारत' असेल तर गोंधळाला जागा कमी राहते. गाव आणि देश तरी वेगळ्या डब्यांतच लिहिले पाहिजेत, नुसता लगदा चालणार नाही, अशी अट नोव्हेंबर २०२६ पासूनची ठरली. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये पैसे घेणाऱ्याची माहिती पुन्हा भरायला सांगितली तर वैतागू नका. जुना लगदा सुटा करण्याचे काम चाललेले असते. ते नीट करा, विशेषतः गावाच्या खान्यात गावच लिहा.

आणखी एक उपयोगी गोष्ट. प्रत्येक निरोपाबरोबर यूईटीआर नावाचा छत्तीस अक्षरांचा क्रमांक जातो. तो पहिल्या बँकेपासून शेवटच्या बँकेपर्यंत बदलत नाही. पैसे रखडले तर "चौकशी करा" असे मोघम न म्हणता बँकेकडे हा क्रमांक मागा. पार्सलच्या पावतीसारखा तो उपयोगी पडतो. आपल्यापैकी बरेच जण एक्सचेंज हाऊसमधून पैसे पाठवतात. त्यांची भारतातल्या बँकांशी वेगळी व्यवस्था असते आणि पैसे नेहमी याच वाटेने जातात असे नाही. तरी नाव, खाते आणि गाव वेगवेगळे व अचूक असावे हा धडा तिथेही तोच.

एक खंत मात्र सांगतो. एक्सएमएलला देवनागरीचे वावडे नाही, पण देशांतरीच्या निरोपांची नियमावली रोमन अक्षरांवरच थांबलेली आहे. त्यामुळे एका कागदावर 'देशपांडे' आणि दुसऱ्यावर एखादे अक्षर कमी-जास्त, हा आपला जुना त्रास अजून संपलेला नाही. यंत्र तयार आहे, करार तयार नाही.

चिठ्ठीच्या मर्यादा

याच वाक्यात एक्सएमएलची खरी मर्यादा आहे. २००१ साली आम्हाला वाटले होते की सर्वांनी एक्सएमएल वापरले की संगणकांना एकमेकांचे कळेल. पण चिठ्ठीवर 'पगार' लिहिले म्हणजे तो कपातीच्या आधीचा की नंतरचा, हे चिठ्ठी सांगत नाही. दोन कंपन्यांनी बसून ते ठरवावे लागते. व्याकरण एक झाले तरी अर्थावर एकमत माणसांनाच करावे लागते. आयएसओ २००२२ ला वीस वर्षे लागली ती कोनात्मक कंसांमुळे नव्हे. जगभरच्या बँकांचे 'गाव' म्हणजे काय यावर एकमत होण्याला वेळ लागला.

दुसरी मर्यादा म्हणजे पाल्हाळ. प्रत्येक डब्याला दोन चिठ्ठ्या, त्यामुळे फाईल फुगते. हलक्याफुलक्या कामांसाठी आता जेसॉन नावाची आटोपशीर पद्धत जास्त वापरतात. भारताच्या जीएसटीची विवरणपत्रे २०१७ पासून जेसॉनमध्ये जातात. आयकर खात्यानेही २०२१-२२ च्या आकारणी वर्षापासून एक्सएमएल सोडून जेसॉन घेतले, हे दरवर्षी विवरणपत्र भरणाऱ्या अनिवासी मंडळींच्या लक्षात आले असेल. म्हणून एक्सएमएल मोडीत निघाले असे नाही. सौदी अरेबियात १ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या ई-बिलाच्या दुसऱ्या टप्प्यात बिले एक्सएमएलमध्येच द्यावी लागतात. त्यामुळे दोह्यातल्या ज्या कंपन्यांची शाखा रियाध किंवा दम्मामला आहे त्यांना हा विषय टाळता आलेला नाही. जिथे कागद कायद्याच्या कामाचा, अनेक हातांतून जाणारा आणि वर्षानुवर्षे जपायचा असतो, तिथे पाल्हाळ परवडतो.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. एक्सएमएल हाताने अक्षरे जोडून बनवू नये. कंपनीच्या नावात 'पाटील & सन्स' असे चिन्ह आले की तो मजकूर मोडतो, कारण त्या चिन्हाला एक्सएमएलमध्ये वेगळा अर्थ आहे. ही माझ्या स्वल्पविरामाचीच बहीण. चिठ्ठ्या लावण्यासाठी तयार साधने आहेत, तीच वापरावीत. तसेच एक्सएमएलमध्ये बाहेरच्या फाईलीचा संदर्भ देण्याची एक जुनी सोय आहे. परक्याकडून आलेल्या मजकुरात तिचा दुरुपयोग करून आपल्या संगणकावरच्या फाईली वाचता येतात. ती सोय बंद केली आहे ना, हे आपल्या प्रोग्रॅमरला जरूर विचारावे.

धंदा असणाऱ्यांसाठी चार प्रश्न

आपल्यात छोटे कंत्राटदार, दुकानदार, क्लिनिक चालवणारे पुष्कळ आहेत. नवी संगणक-प्रणाली विकत घेताना रंगीत पडदे पाहून भुलू नका. विकणाऱ्याला पुढचे चार प्रश्न विचारा.

पहिला, माझी सगळी माहिती मला एक्सएमएल किंवा तत्सम खुल्या नमुन्यात बाहेर काढता येईल का? उद्या तुमची कंपनी बंद पडली तर दहा वर्षांच्या नोंदी अडकून पडता कामा नयेत.

दुसरा, नमुन्याचे नियमपत्र लेखी मिळेल का? नियमपत्राशिवायची फाईल म्हणजे अर्थ न सांगितलेली चिठ्ठी.

तिसरा, फाईल बँकेकडे जाण्याआधी तपासली जाते की बँकेने परत केल्यावर?

चौथा, नाव, तारीख आणि चलन यांचे काय करता? या तीन गोष्टींचे उत्तर अडखळत आले तर दुसरा विक्रेता पाहावा.

त्या कंपनीचे काम मी पुढे तीन वर्षे पाहिले. दर महिन्याच्या वीस तारखेला चुकांची यादी निघे, बहुधा दोन-चार नावे, एखादा खाते क्रमांक, एखाद्याची संपलेली मुदत. कारकून त्या शांतपणे दुरुस्त करी. साताऱ्याचा तो फिटर नंतर एकदा सूक वाकिफला भेटला. बहीण बरी झाली होती. मी नक्की काय काम करतो हे त्याला अजूनही ठाऊक नव्हते, आणि त्याने विचारलेही नाही. "आता पगार टायमात होतो साहेब," एवढेच म्हणाला.